आईच्या नावात येन आणि युरो : नाशिकच्या संगणक-खरेदी समित्यांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहर व जिल्ह्यातील पतसंस्था, गृहनिर्माण सोसायट्या, शाळा, रुग्णालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्या ज्या समित्या सॉफ्टवेअर विकत घेतात, त्यांचे सन्माननीय सदस्य

विषय : मराठी नावे संगणकात शाबूत राहतील अशी अट खरेदीच्या वेळीच घालण्याबाबत.

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

मेनरोडच्या मागच्या एका बोळात माझे डीटीपीचे दुकान आहे. १९९८ साली सुरू केले तेव्हा लग्नपत्रिका, बिलबुके, गणेश मंडळांची पावतीपुस्तके अशी कामे असायची. आता निम्मा दिवस लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरण्यात आणि झेरॉक्समध्ये जातो. मी इंजिनिअर नाही. पण मराठी अक्षर पडद्यावरून कागदावर जाताना नेमके कुठे ठेच खाते, हे पंचवीसहून जास्त वर्षे रोज बघते आहे, आणि त्या ठेचांचे पैसे शेवटी कोणाच्या खिशातून जातात तेही.

मागे एका श्रावणात आईला एका पतसंस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस आली. संस्थेचे नाव लिहीत नाही. तिच्या जागी आपल्यापैकी कोणाचीही असू शकली असती. पाकिटावर चिकटवलेल्या लेबलावर ना नाव वाचता येत होते, ना पत्ता. होती ती डोक्यावर तिरक्या रेघा घेतलेली रोमन अक्षरे, मधूनमधून जपानचा येन, युरोपचा युरो आणि गोलात अडकलेला आर. धड होते दोनच आकडे, पिनकोड आणि मोबाइल नंबर. आमच्या पोस्टमनदादांनी त्या नंबरावर फोन केला, "काकू, हे तुमचंच आहे का बघा बरं, मला काही अक्षर लागत नाहीये."

आई सभेला गेली. प्रश्नोत्तरांच्या वेळी उठली, पाकीट अध्यक्षांसमोर धरले आणि म्हणाली, "माझ्या नावात एवढे परदेशी पैसे आहेत, तर यंदा लाभांश थोडा वाढवून द्या." सभेत हशा पिकला. मग ऑफिसातला मुलगा समजुतीच्या सुरात म्हणाला, "काकू, कॉम्प्युटरला मराठी येत नाही ना, म्हणून असं होतं."

हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे.

कॉम्प्युटरला मराठी येत नाही हे खरेच आहे. पण मग त्याला इंग्रजीही येत नाही. त्याला येतात फक्त आकडे, आणि त्याच्या एका बाइटमध्ये मावतात ० पासून २५५ पर्यंतचेच. बाइट म्हणजे आठ बटणे, प्रत्येक चालू नाहीतर बंद, एकूण मांडण्या २५६. कुठला आकडा म्हणजे कुठले अक्षर, हे माणसांनी बसून ठरवलेले तक्ते आहेत. १९६३ साली अमेरिकेत आस्की नावाचा तक्ता निघाला. त्यात १२८ जागा, कॅपिटल ए ६५ व्या क्रमांकावर. इंग्रजी अक्षरे, आकडे, विरामचिन्हे, संपले. उरलेल्या १२८ जागा मोकळ्या होत्या, आणि मोकळी जागा दिसली की जे होते तेच झाले : जो तो आपली पथारी पसरून बसला. पश्चिम युरोपने तिथे आपली रेघांची अक्षरे बसवली, रशियनांनी त्यांची. आपणही बसवली. भारतीय मानक ब्यूरोचे १९९१ चे इस्की हे मानक त्याच मोकळ्या जागेत देवनागरी, गुजराती, तेलुगू, मल्याळम अशा सगळ्यांना एकाच पट्ट्यात बसवत होते, कारण ह्या लिप्यांचे ‘क ख ग घ’ एकाच घरचे. हुशारीचे काम होते. पण अडचण तीच राहिली की १६४ हा आकडा एका मशीनवर एक अक्षर आणि दुसऱ्या मशीनवर दुसरे.

त्याच १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिचे म्हणणे सरळ होते : जगातल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा एक क्रमांक, कोणी कोणाच्या जागेवर बसायचे नाही. देवनागरीला २३०४ ते २४३१ हा पट्टा मिळाला, आणि त्यातली मांडणी आपल्या इस्कीवरूनच उचललेली आहे. त्यात म २३५० वा, दीर्घ वेलांटी २३६८ वी.

आता आईचे नाव. ते ‘मी’ने सुरू होते, एवढे सांगितले तरी पुरे. बाइट २५५ च्या पुढे जात नाही, मग २३५० लिहायचे कसे? ह्यावरची युक्ती केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक ह्या दोघांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका साध्या खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर जुळवली. तिचे नाव यूटीएफ-८. इंग्रजीला एकच बाइट आणि तोही जुना आस्कीचाच आकडा, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट. ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४. कॅल्क्युलेटर घेऊन बसा, दुकानात मी लोकांना असेच दाखवते. २२४ हा नुसता मुकादम आहे. तो सांगतो की पुढचे दोन आणि मी मिळून एक त्रिकूट. १६४ मधून १२८ वजा करा, उरले ३६. त्याला ६४ ने गुणा, २३०४. मग १७४ मधून १२८ वजा करा, ४६. बेरीज २३५०. झाला म. दीर्घ वेलांटी म्हणजे २२४, १६५, १२८ : ३७ गुणिले ६४ म्हणजे २३६८, आणि शेवटच्याचे शून्य.

थोडक्यात, संस्थेच्या सर्व्हरवर आईचे नाव ठणठणीत होते. घोळ पुढे झाला. त्या मुलाने पत्त्यांची यादी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढली आणि आपण सगळे करतो तेच केले, फाइलवर डबल क्लिक. एक्सेल उघडले. ह्या फाइलच्या सुरुवातीला ‘आत यूटीएफ-८ आहे’ अशी पाटी बऱ्याचदा नसते. पाटी नसली की एक्सेल विंडोजचा घरचा तक्ता धरते, आणि आपल्याकडच्या बहुतेक मशीनवर तो घरचा तक्ता पश्चिम युरोपचा असतो, विंडोज-१२५२. त्यात २२४ म्हणजे डोक्यावर रेघ घेतलेला ए. १६४ म्हणजे चार पाय फुटलेले वर्तुळ. ते ‘कुठलेही एक चलन’ ह्या अर्थाचे चिन्ह आहे. १७४ म्हणजे गोलातला आर, नोंदणीकृत ट्रेडमार्क. पुन्हा २२४. मग १६५ म्हणजे येन. आणि १२८ म्हणजे युरो. आईकडे परदेशी पैसा आला तो असा. पिनकोड आणि मोबाइल नंबर बचावले, कारण इंग्रजी आकड्यांची जागा दोन्ही तक्त्यांत एकच आहे. कोणी हौसेने ते मराठी आकड्यांत भरले असते तर पोस्टमनदादांनाही आमचा ठावठिकाणा लागला नसता. इंग्रजी चार हा ५२ वा आणि मराठी चार २४१० वा.

आपल्या नाशिकरोडला नोटा छापतात, म्हणून एक आडवळण घेते. रुपयाचे चिन्ह सरकारने १५ जुलै २०१० ला स्वीकारले आणि त्याच ऑक्टोबरात युनिकोडने त्याला ८३७७ हा क्रमांक दिला. विंडोज-१२५२ मध्ये त्याला जागा नाही, आणि तो तक्ता आता कोणी बदलत नाही. म्हणजे ह्या तक्त्यावर चालणारे सॉफ्टवेअर येन छापेल, युरो छापेल, पौंडही छापेल. रुपया मात्र छापणार नाही.

मी त्या मुलाला दुकानात बोलावले. मूळ फाइल त्याच्या पेनड्राइव्हवर होती. बाइट जसेच्या तसे होते, फक्त योग्य तक्ता सांगून फाइल उघडायची होती. दोन मिनिटांत सगळी यादी मराठीत आली. तो म्हणाला, "ताई, येतं की मराठी!" मी म्हटले, येतं रे, पण त्याला विचारावं लागतं. एकच अडचण निघाली. बिघडलेली यादी त्याने आधी एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये कॉपी-पेस्ट केलेली होती, आणि त्या प्रतीतली जोडाक्षरे काही केल्या जुळेनात. आपला पाय मोडतो तो हलंत म्हणजे २२४, १६५, १४१. विंडोज-१२५२ मध्ये १४१ ची जागा रिकामी आहे. दिसत नाही ते काही सॉफ्टवेअर कचरा समजून झाडून टाकतात. हलंत गेला की ‘कुलकर्णी’ला कोणी परत कुलकर्णी करू शकत नाही.

पण हे सगळे परवडले, असे म्हणायची वेळ त्याच यादीतल्या वारसदारांच्या रकान्याने आणली. त्यात नुसती प्रश्नचिन्हे होती. येन नाही, युरो नाही, पानभर प्रश्नचिन्हे. काही वर्षांपूर्वी संस्थेने जुने सॉफ्टवेअर बदलून नवे घेतले होते, आणि नव्यात हा एक रकाना जुन्या प्रकारचा, म्हणजे एका बाइटच्या तक्त्यावर चालणारा ठेवला गेला होता. अशा रकान्यात २३५० आले की डेटाबेस तक्त्यात शोधतो, सापडत नाही, आणि त्या जागी ६३ लिहून मोकळा होतो. ६३ म्हणजे प्रश्नचिन्ह. येन-युरोचा घोळ हा चष्म्याचा घोळ आहे, डोळा शाबूत असतो. इथे डोळाच गेला. मागे राहते ती फक्त लांबी. पाच प्रश्नचिन्हे म्हणजे ‘पाटील’ असू शकते, ‘सुरेश’ असू शकते आणि ‘नाशिक’ही.

त्या संस्थेने शेवटी कपाटातली जुनी सभासद-रजिस्टरे बाहेर काढली. एक निवृत्त कारकूनकाका रोज दुपारी चहाच्या आधी येऊन बसायचे, शाईचे अक्षर वाचून दाखवायचे आणि मुलगा टाइप करायचा. रजिस्टरे होती म्हणून बरे. ज्या संस्थांनी ‘आता सगळं ऑनलाइन आहे’ म्हणून रद्दी घातली, त्यांच्या सभासदाच्या पश्चात त्याच्या ठेवीवर हक्क कोणाचा, सात प्रश्नचिन्हांचा की आठ?

तिसरा प्रकार आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल, फक्त त्याचे कारण माहीत नसेल. फॉर्मवर लिहिलेले असते, ‘नाव कमाल ३० अक्षरे’. आपण अक्षरे मोजतो, मशीन बाइट मोजते. ‘त्र्यंबकेश्वर’ घ्या. आपल्या तोंडाला अक्षरे पाच : त्र्यं, ब, के, श्व, र. युनिकोडच्या हिशेबात खुणा तेरा, कारण दोन्ही ‘र’, तिन्ही हलंत, अनुस्वार, मात्रा सगळे वेगवेगळे मोजले जाते. आणि बाइट ३९. रोमन स्पेलिंग तेरा अक्षरांचे आहे आणि ते तेराच बाइटमध्ये बसते. तेव्हा ज्याने रोमन स्पेलिंग डोळ्यासमोर ठेवून ३० बाइटचा रकाना आखला, त्याला तो ऐसपैस वाटला असणार. प्रत्यक्षात त्यात ‘त्र्यंबकेश’ एवढेच मावते. असे अर्धे गाव घेऊन लोक माझ्याकडे दुरुस्तीचा अर्ज टाइप करायला येतात. रकाना २० बाइटचा असला तर आणखी मजा. सहा खुणांचे अठरा बाइट झाले की उरलेल्या दोनात सातव्याचा मुकादम आणि एक गडी येतो, तिसरा गडी बाहेर. त्रिकूट मोडले की पडद्यावर काळ्या चौकटीतले पांढरे प्रश्नचिन्ह दिसते. तात्यासाहेब शिरवाडकरांच्याच गावात हे चालले आहे, म्हणून त्यांचेच आडनाव मोजून पाहिले : आठ खुणा, २४ बाइट. वीसच्या रकान्यात उरते ‘शिरवाड’ आणि पुढे काळी चौकट. दर २७ फेब्रुवारीला आपण ज्यांच्या तसबिरीला हार घालतो, त्यांचे आडनाव तरी पूर्ण बसेल एवढा रकाना आखायला काय हरकत आहे?

दुसऱ्यांची कुसळे काढली, आता माझे मुसळ. १९९८ पासून दहा-एक वर्षे मी जे जे टाइप केले, ते सगळे युनिकोडमध्ये नाही. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव ही नावे डीटीपीच्या दुकानात वावरलेल्या कोणालाही पाठ असतील. ते फॉन्ट नसते तर तेव्हा आमची चूल पेटली नसती, आणि दिसायला त्यातले काही इतके देखणे होते की अजून आठवण येते. विंडोज ९८ ला देवनागरीची जोडाक्षरे जुळवता येत नव्हती. ते विंडोज २००० पासून, ‘मंगल’ फॉन्टबरोबर आले. तोवर युक्ती अशी होती की रोमन अक्षरांच्या खुर्च्यांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे. काना एका खुर्चीवर, अर्धा न दुसऱ्या, वेलांटी तिसऱ्या. मशीनच्या लेखी तो मजकूर रोमनच. मराठी होता तो वरचा पोशाख. फॉन्ट उडाला की पोशाख उतरला.

एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका मी तेव्हा जुळवली होती. मागे माजी मुख्याध्यापक सर सीडी घेऊन आले, ‘तेवढं मॅटर व्हॉट्सॲपला टाकता येईल असं करून दे’ म्हणाले. उघडले तर सगळा रोमन भुसा. रूपांतराची साधने आहेत, पण प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा, आणि आमच्या टायपिंगचा क्रमही वेगळा. तेव्हा ऱ्हस्व वेलांटी आम्ही डोळ्याला दिसते तशी आधी मारायचो : ‘नाशिक’ म्हणजे न, काना, वेलांटी, श, क. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे श आधी, वेलांटी मागून. रूपांतर करताना प्रत्येक वेलांटी उचलून तिच्या व्यंजनाच्या पलीकडे नेऊन ठेवावी लागते, आणि मधे जोडाक्षर आले की अख्ख्या जोडाक्षराच्या पलीकडे. ‘त्र’ आणि रफार ह्यांनी तर मला रडवले. शेवटी निम्मी स्मरणिका मी पुन्हा टाइप केली, सरांकडून पैसे न घेता. माझेच पाप होते.

तेव्हा इलाज नव्हता. आता तो आहे, आणि तरीही परिपत्रके जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून त्यांची पीडीएफ काढणारी कार्यालये मी आजही बघते. पीडीएफ दिसते छान. त्यातला एक शब्द शोधून बघा, सापडत नाही. एक ओळ कॉपी करून बघा, भुसा येतो. आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, ज्यांचा मोबाइल मजकूर वाचून दाखवतो, त्यांना आपल्या परिपत्रकातून काय ऐकू येत असेल ह्याची कल्पना करा. ई-प्रशासनासाठी युनिकोडच वापरायचे, हे केंद्र सरकारचे मानक २००९ पासूनचे आहे. नवीन काही मागत नाही.

एवढ्यावर भागले असते तर बरे, पण युनिकोड घेतले म्हणजे गंगेत घोडे न्हाले, असेही नाही. कोर्टाच्या आसपास दुकान असलेल्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याला विचारा, वकिलांच्या नावाआधीचे ‘ॲड.’ किती तऱ्हांनी येते. कोणी अ वर चंद्र दोन तुकड्यांत देतो, २३०९ आणि २३७३. कोणी ए वर चंद्र देतो, २३१७. आणि मराठीचा हक्काचा एकसंध ॲ, जो युनिकोडमध्ये २००८ साली आला, तो २४१८. पहिला आणि तिसरा कागदावर जुळ्या भावांसारखे दिसतात. मशीनला ते तीन अनोळखी लोक आहेत. एकाच वकीलसाहेबांची तीन खाती अशीच उघडली जातात, आणि शोधताना ‘नोंद आढळली नाही’ असे येते. युनिकोडचे स्वतःचे नियमसुद्धा ह्या तिघांना एक मानत नाहीत. ती जोडणी सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने मुद्दाम करावी लागते. कोणी सांगितलेच नाही तर तो कशाला करेल? राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला ठरवून दिली, त्यात ॲ आहे. तो निर्णय विक्रेत्याच्या हातात कधी कोणी ठेवला का?

ऱ्या आणि र्या ह्यांचे तर विचारू नका. ‘दऱ्या’ म्हणजे ब्रह्मगिरीच्या बाजूला असतात त्या, ‘दर्या’ म्हणजे समुद्र. हा डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. एक, खास ऱ घेऊन, २३५३. दोन, साधा र, हलंत आणि त्यामागे न दिसणारी एक जोडखूण, ८२०५. ही दुसरी खूण पडद्यावर दिसत नाही, म्हणून ‘डेटा स्वच्छ करणारे’ तिला पहिल्या झटक्यात उडवतात. मग दऱ्यांचा दर्या होतो, आणि कऱ्हाडे आडनावाच्या गृहस्थांचा रफार ह च्या डोक्यावर जाऊन बसतो. सह्याद्रीत राहून समुद्रात पडायचे!

अक्षरक्रमाचे दोन वाक्यांत सांगते. युनिकोडच्या क्रमांकांप्रमाणे यादी लावली तर ळ हा ल आणि व च्या मधे येतो आणि क्षीरसागर क च्या गठ्ठ्यात जातात. आपल्या शाळेत शिकवतात त्या क्रमात ळ, क्ष, ज्ञ हे ह च्या नंतर. मराठी क्रमाची सोय बाजारात तयार आहे, फक्त ती चालू करावी लागते.

एका बाबतीत मात्र मी आपल्या बाजूने बोलेन. उद्या पाणी येणार नाही, हे कळवणारा एसएमएस रोमन लिपीत का येतो, म्हणून लोक चिडतात. त्यामागे खरोखर हिशेब आहे. एसएमएसची पिशवी १४० बाइटची. इंग्रजी अक्षरे तिथे सात-सात बिटांत (बिट म्हणजे बाइटमधले एक बटण) दाबून बसवतात, म्हणून १६० मावतात. देवनागरी आली की तिथे यूटीएफ-८ नाही, दुसरी मांडणी चालते, तिच्यात प्रत्येक खुणेला दोन बाइट, म्हणून ७०. त्यापेक्षा लांब निरोप तुकड्यांत जातो, आणि तुकडे जोडायच्या खुणेची जागा वजा जाता प्रत्येक तुकड्यात ६७ च उरतात. ‘त्र्यंबकेश्वर’ एवढा एकच शब्द ७० पैकी तेरा खातो. म्हणजे मराठी निरोपाला दुप्पट-तिप्पट पैसे पडतात हे खरे. पण ‘बुधवारी सकाळी पाणीपुरवठा बंद राहील’ हे ७० त आरामात बसते, मोजून बघा. बसेनासे होते ते त्याआधी ‘सर्व सन्माननीय नागरिकांना या संदेशाद्वारे कळविण्यात येते की’ जोडल्यावर. ते गाळले तरी कोणी रागावणार नाही.

आता मागणे. मला समिती नको, कार्यशाळा नको, मराठी भाषा पंधरवड्यातले व्याख्यानही नको. नवे सॉफ्टवेअर घेताना, किंवा जुन्यावरून नव्यावर जाताना, विक्रेत्यापुढे एक ओळ ठेवा : ‘ॲड. त्र्यंबक ज्ञानेश्वर कऱ्हाडे, मीनाक्षी क्षीरसागर, दऱ्याखोऱ्या, काळाराम मंदिर, त्र्यंबकेश्वर, ४२२’. ही ओळ त्याच्याकडून मोबाइलवरून भरून घ्या. साठवा. शोधायला लावा, तिन्ही तऱ्हांच्या ‘ॲड.’ने. सीएसव्हीत काढायला लावा आणि ती फाइल पुन्हा आत घ्यायला लावा, कारण बहुतेकांचे पाय तिथेच घसरतात. लेबलावर छापा. पीडीएफ काढून तीतून कॉपी करा. एसएमएसने स्वतःच्या फोनवर पाठवा. शेवटी जी ओळ हातात पडेल ती पहिल्या ओळीशेजारी ठेवून खुणेला खूण लावून बघा. रकान्यांची लांबी बाइटमध्ये आहे की अक्षरांत, हे तोंडी नको, लेखी घ्या. आणि देयकाचा शेवटचा हप्ता ही ओळ धड उतरल्याशिवाय सोडू नका. लग्नपत्रिकेचे प्रूफ नवरीच्या मामाला दाखवल्याशिवाय आम्ही छपाईला लावत नाही. लाखांचे सॉफ्टवेअर मात्र आपण प्रूफ न वाचता घेतो.

विक्रेता म्हणेल, ‘सर, आमचं सॉफ्टवेअर मल्टिलिंग्वल आहे.’ म्हणू द्या. ओळ पुढे करा.

आईच्या त्या संस्थेने यंदाची नोटीस नीट पाठवली. लेबलावर नाव पूर्ण, पत्ता पूर्ण. आईने पाकीट उलटसुलट करून पाहिले आणि थोडी हिरमुसली. म्हणाली, "लाभांश मात्र तेवढाच आहे."

वरची ओळ मोठ्या टायपात छापून मी दुकानाच्या काउंटरवर ठेवली आहे. समितीवरच्या कोणीही येऊन घेऊन जावी. झेरॉक्सचे पैसे लावत नाही.

आपली नम्र,
मेनरोडवरची एक डीटीपीवाली, नाशिक

ता. क. : ज्या मुलामुलींना आजच्या आज लेबले काढायची आहेत त्यांच्यासाठी. सीएसव्हीवर डबल क्लिक करू नका. आधी कोरे एक्सेल उघडा, ‘डेटा’मध्ये जाऊन ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या, फाइल निवडा आणि ‘फाइल ओरिजिन’च्या यादीत पार खाली जाऊन ‘६५००१ : युनिकोड यूटीएफ-८’ निवडा. खालच्या चौकटीत नावे मराठीत दिसली तरच ‘लोड’ दाबा. आणि परत साठवताना साध्या सीएसव्हीऐवजी ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी आई पुन्हा सभेत उठेल.